अंगणातली अंथरुणं

दहा डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या घरातली अंथरुणं अंगणात यायची. वर्षातून एकदाच. दादा, म्हणजे आमचे वडील, रानातून आले की हातपाय धुवायचे, कंदिलाची काच पुसायचे आणि काही न बोलता वाकळा, घोंगडी, उशा एकेक करून बाहेर मांडायचे. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या काठी डिसेंबरात दातावर दात वाजतात. शेजारी दारं लावून चुलीपाशी सरकलेले असायचे आणि आम्ही चौघं उघड्यावर. उशा एका रेषेत, पायताणं पायथ्याला, टाचा आतल्या बाजूला. पहाटे चारला दादा आम्हाला हलवून जागं करायचे. तोवर त्यांनी चहा उकळलेला असायचा. समोरच्या डोंगराची कड दिसायला लागेपर्यंत आम्ही वाकळेत बसून तो प्यायचो. मग अंथरुणं आत आणि दादा म्हशीकडं.

गावाला ह्यात काही नवल नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर बसलं, खोऱ्यातली दगडमातीची घरं जागच्या जागी ढीग होऊन पडली. त्यानंतर कित्येक महिने सगळं खोरंच अंगणात झोपत होतं. पुढं पत्र्याची शेडं आली, घरं उभी राहिली, माणसं हळूहळू आत गेली. वर्षातून एक रात्र बाहेर राहायची, एवढं आमच्या घरानं धरून ठेवलं. 'मेजरच्या घरातली म्हातारी गेली, तान्ही पोर गेली, त्येंचं बरोबर हाय,' असं लोक म्हणत आणि विषय संपे.

मीही तेच धरून चालले होते. १९८५ च्या डिसेंबरात शिराळ्याचे काका आले, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

काका दादांच्या पलटणीतले, एकाच सेक्शनमधले. दहा तारखेला दुपारच्या एसटीनं उतरले. पिशवीत गुळाची ढेप आणि आईसाठी पातळ. संध्याकाळी दादांनी घोंगडी काढायला सुरुवात केली, तर काकांनी न विचारता दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी उलगडली, झटकली, मांडली. एकही शब्द नाही. रात्री मला जाग आली तेव्हा दोघं कट्ट्यावर बसले होते. विड्यांची दोन टोकं लाल होत होती आणि विझत होती. सकाळी मी काकांना विचारलं, "तुमच्याकडंबी भूकंप झाला हुता का वं?"

काका हसले. "न्हाई गं बाय. माझा भूकंप चार वर्षांनी झाला."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या अंगणातली रात्र एक नाही, दोन आहेत. तारीख तीच, वेळही जवळजवळ तीच, साल वेगळं. १९६७ ची एक आणि १९७१ ची एक. आणि दादा त्यातल्या कुठल्या रात्रीसाठी जागे राहतात, हे मला माहीत नाही.

*

दादा मेजर नव्हते. १९८४ साली हवालदार म्हणून घरी आले. पण आमच्या भागात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. आमच्या आळीत तीन मेजर होते, त्यातला एक लांगरी होता. त्याच्या हातच्या मटणाला मात्र खऱ्या मेजरनंही सलाम ठोकला असता.

ते १९६३ साली बेळगावला भरती झाले. त्याच्या आदल्या वर्षी चीनची लढाई होऊन गेली होती, फौजेला माणसं हवी होती, आणि आमच्या घराला एक तोंड कमी हवं होतं. सातारा जिल्ह्याच्या लष्करी परंपरेवर भाषणं ऐकत मी मोठी झाले. अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, तिथल्या स्मृतिस्तंभावर तसं कोरलेलं आहे, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. सगळं खरं आहे. पण शौर्य ह्या मातीतच आहे असं कुणी व्यासपीठावरून म्हणायला लागलं की मला दादांचं बोलणं आठवतं. भरतीच्या रांगेत छातीवर खडूनं आकडा टाकला, मोजपट्टी लावली, फुगव म्हणाले, फुगवली. "सकाळपास्नं पोटात काय नव्हतं, त्यामुळं छातीला जागा लई मिळाली." ह्या मातीत डोंगरउतारावरची नाचणी आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. घरटी एक पोरगा पलटणीत आणि एक मुंबईच्या गिरणीत गेला, तेव्हा कुठं मागच्यांना भात मिळाला.

देश नंतर कळला, असं ते म्हणत. कसा कळला हे विचारलं तर सांगत, लंगरमध्ये. पंक्तीत एका बाजूला रत्नागिरीचा, दुसऱ्या बाजूला बेळगावचा कानडी मुलुखातला मराठा, समोर साहेब शीख. फौजेत मराठा जवानाला लाडानं 'गणपत' म्हणतात. दादांना ह्या नावाची मोठी मौज वाटायची. घरी काही चांगलं झालं, माझा नंबर आला, म्हशीला पाडी झाली, की मिशीवरनं बोट फिरवून म्हणायचे, "शाब्बास गणपत!" मला, भावाला, म्हशीला, सगळ्यांना तेच नाव.

पलटणीची आरोळीही त्यांनी घरी आणली होती. एका पावसाळ्यात एसटी घाटाखालच्या चिखलात रुतली. कंडक्टर, ड्रायव्हर, वीसेक माणसं ढकलून थकली. दादा खाली उतरले, धोतर खोचलं, मागच्या बाजूला सगळ्यांना खांदे लावायला सांगितले आणि छाती भरून ओरडले, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." जय म्हणता म्हणता बस वर आली. आत खिडकीशी बसलेली मी लाजेनं मान खाली घातली होती. आता वाटतं, खाली उतरून ढकलायला हवं होतं.

*

सव्वीस जानेवारीला आणि पुढं पुढं सोळा डिसेंबरच्या विजय दिवसाला हायस्कूलमध्ये दादांना बोलवायचे. दादा 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' कोटाला लावून जायचे. एरवी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोऱ्याबरोबर असायची आणि लहानपणी आमच्या बाहुलाबाहुलीच्या लग्नात नवरदेवाच्या छातीवर. शाळेत दादा जी गोष्ट सांगत ती ठरलेली होती.

गोष्ट अशी. त्यांची पलटण म्हणजे पहिली मराठा, जंगी पलटण, १७६८ सालची. १९७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानात जमालपूरपाशी पोचली. गावात एकतिसावी बलुच तळ ठोकून बसलेली, मजबूत बंकर, भरपूर दारूगोळा. मराठ्यांनी जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून मागच्या बाजूला, टांगाईलकडं जाणारी सडक अडवली. म्हणजे घराचं मागलं दार बाहेरून कडी घालून बंद. मग आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी एका म्हाताऱ्या बंगाली माणसाच्या हाती पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी पाठवली, की वेढा पडलाय, शरण या, उगाच माणसं मारू नका. त्या कर्नलनं, सुलतान महमूद त्याचं नाव, उत्तर पाठवलं. उत्तराच्या कागदात एक गोळी गुंडाळलेली होती. आणि लिहिलं होतं, पुढल्या वेळी लेखणी ठेवा आणि स्टेनगन घेऊन भेटा.

इथं पोरं टाळ्या वाजवायची. शत्रूच्या उत्तराला टाळ्या पडतात ह्याची दादांना दर वेळी गंमत वाटायची. "मर्दासारखं लिवलं हुतं गड्यानं," असं म्हणून ते कर्नल ब्रार साहेबांबद्दल, त्यांच्या पलटणीच्या साहेबांबद्दल, दोन वाक्यं सांगायचे. मग म्हणायचे, "मग रात्र झाली." आणि पाण्याचा पेला उचलायचे. पाणी पिऊन झालं की थेट दोन दिवस पुढं, पुंगलीच्या पुलाशी. तिथं आभाळातून उतरलेल्या दुसऱ्या पॅराची गाठ पडली. ती पलटण मूळची मराठाच, आधीची तिसरी मराठा. अंधारात समोर आपले की परके हे कळेना, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी सातारी शिवी हासडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पोरं हसून लोळायची. मग ढाका, सोळा तारीख, त्र्याण्णव हजार युद्धकैदी, जय हिंद.

ही गोष्ट मी निदान पंधरा वेळा ऐकली असेल. शिराळ्याचे काका येऊन गेल्यावर मात्र मला त्यातला तो पाण्याचा पेला दिसायला लागला. 'मग रात्र झाली' आणि पुंगलीचा पूल ह्यांच्यामध्ये काय होतं? ते पुस्तकातून वाचून काढलं. दहा तारखेच्या रात्री बलुच पलटण जमालपूर सोडून ढाक्याकडं निसटायला निघाली आणि अडवलेल्या त्या सडकेवर थेट मराठ्यांच्या मशीनगनसमोर आली. पहाटेपर्यंत त्यांची दोनशेहून जास्त माणसं त्या सडकेवर आणि कडेच्या शेतात पडली होती. उजाडल्यावर उरलेल्यांनी शस्त्रं खाली ठेवली. उजाडलं तेव्हा तारीख होती अकरा डिसेंबर.

वाचून मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तो वाटणारच. अंगणातली रात्र भूकंपाची असण्यापेक्षा लढाईची असावी, असं मला वाटायला लागलं. भूकंप आमच्या खोऱ्यात सगळ्यांचाच होता. जमालपूर गावात फक्त आमचं होतं.

*

एवढं वाचून कुणाला वाटेल की आमच्या घरात सारखी कवायत चालायची. चालायची, पण ती भलत्याच गोष्टींची. रविवारी दुपारी आम्हा दोघांच्या शाळेच्या चपला पॉलिश व्हायच्या. बुटाला करतात तसं प्लास्टिकच्या चपलेला पॉलिश करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या वेण्या दादा घालायचे, कारण आईला पहाटेपासून गोठ्याचं काम. इतक्या घट्ट घालायचे की भुवया वर ओढल्या जायच्या आणि मी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी वर्गात बसायचे. पेन्शन आल्यावर दहा वर्षं शेती आणि म्हशी, त्याच्या जोडीला कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी. गाळपाच्या हंगामात ऊसतोड्यांच्या गाड्या रात्रभर यायच्या, वजनकाट्यापाशी रांग लागायची. टोळीतल्या बायका गाडीवरच पोरं निजवून बसलेल्या. दादा ड्यूटीवर जाताना घरून जुन्या साड्यांच्या गोधड्या घेऊन जात आणि पोरांवर टाकत. सकाळी परत आणत. नेहमी एकदोन कमीच परत यायच्या. आई म्हणायची, "आवं, ह्या थंडीत आमी काय पांघरायचं?" ते म्हणायचे, "चुलीपाशी निजा. त्यांना चूल न्हाई."

आईदादांचं लग्न १९६५ चं. आई तेव्हा सतरा वर्षांची, एक अक्षर येत नव्हतं. दादांचं पत्र यायचं ते पोस्टमन अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचायचा. निम्मं गाव ऐकायला. त्यामुळं नवऱ्यानं बायकोला लिहिलेल्या पत्रात बायकोचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही 'घरातील मंडळींस आशीर्वाद' एवढाच. उलट पत्र शाळेतले मास्तर लिहून द्यायचे. पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त ५६ एपीओ. नवरा काश्मिरात आहे की नागालँडात, आईला काही ठाऊक नाही. मास्तरांनी एकदा नकाशा दाखवून सांगितलं, हे इतकं सगळं म्हणजे ५६ एपीओ. आई अजून सांगते, "त्या कागदावर हात फिरवला न् म्हटलं, एवढ्यात कुठंतरी हायत."

भूकंपाची बातमी दादांना घरून नाही कळली. सकाळी लंगरपाशी ट्रान्झिस्टरवर बातम्या लागलेल्या होत्या, त्यात 'कोयनानगर' हा शब्द आला. पलटणीत आमच्या भागातली पोरं पुष्कळ. सगळी चहाचे मग हातात धरून रेडिओभोवती उभी राहिली. रेडिओनं धरणाचं सांगितलं, मुंबईकडं जाणारी वीज तुटल्याचं सांगितलं. गावांची नावं एवढ्यात कुठून येणार? पुढं सहा दिवसांनी तार आली. इंग्रजीतली, दोन ओळींची. सुभेदार साहेबांनी वाचली आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवला. तार मास्तरांनी केली होती.

त्या पहाटे आई गोठ्यात होती. म्हैस दावं तोडायला लागली म्हणून आई तिला चुचकारत उभी होती. आत आजी आणि तिच्या कुशीत दहा महिन्यांची मुलगी. दादांनी त्या मुलीला एकदाच, उन्हाळ्यातल्या रजेत बारा दिवस पाहिलं होतं. आई ह्याच्यापुढं सांगत नाही, मीही विचारत नाही. दादा पोचले तेव्हा सगळं उरकून दोन आठवडे होत आले होते. आजीची राख नदीत गेली होती. तान्ह्या पोराला आपल्याकडं पुरतात. ती जागा कुणीतरी दाखवली, त्यावर रचलेले दगड पडलेल्या घराचेच होते.

उरलेल्या रजेत त्यांनी दोन कामं केली. एक, पत्र्याचं शेड उभं केलं, आपलं आणि आळीतल्या चार घरांचं. दुसरं, पाटी आणली. रोज रात्री कंदिलापाशी आईला अक्षरं गिरवायला लावली. तिसऱ्याच्या हातची तार पुन्हा नको, एवढंच त्यांना हवं होतं. आई म्हणते, "मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. घरात सुतक न् ह्ये मला ग गणपतीचा शिकवत्यात." पुढच्या रजेत जोडाक्षरं. तिच्या हातचं पहिलं पत्र तिनं १९७१ च्या नोव्हेंबरात टाकलं. दादांना ते ढाक्याहून परत आल्यावर मिळालं. पत्रात होतं, म्हैस व्याली, पाडी झाली, पोरगी चालायला लागली, पडते पण रडत नाही. ती पोरगी मी. हे पत्र मी वाचलंय. 'रडत नाही' मधला ड तिनं उलटा काढलाय.

धरणानंच भूकंप केला, असं आमच्या खोऱ्यातली माणसं पहिल्या दिवसापासून सांगत होती. अडाणी म्हणून त्यांना हसून झालं. आता जगभरचे शास्त्रज्ञ जलाशयामुळं होणाऱ्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव घेतात. जमिनी आमच्या, पाणी आमचं, हादरे आमचे आणि उजेड मुंबईला, असं आमच्याकडं बोललं जातं. दादा ह्या बोलण्यात कधी भाग घेत नसत. धरणाला तडे गेले तरी ते उभं राहिलं, ह्याचंच त्यांना मोठं वाटायचं. "ती भिताड धरून राहिली म्हणून खालची गावं हायत."

*

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा निजलेली. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीला भूकंप झाला. सकाळी आमच्याकडं रेडिओ लागला आणि दादा कट्ट्यावर बसले ते उठेचनात. आईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला, तो थंड झाला. मग एकाएकी उठले आणि आळीत फिरले. संध्याकाळपर्यंत आमच्या भागातून भाकरी, चटण्या, घोंगडी आणि पत्रे भरलेला ट्रक निघाला. टिकाव, फावडी, पहारी घेऊन पाच पेन्शनर मागच्या बाजूला बसले. भाकरी थापायला कुणाला सांगावं लागलं नाही. कोयनेकाठच्या बायकांना माहीत होतं, की भूकंपानंतर चूल पेटायला किती दिवस लागतात.

दादा अठ्ठेचाळीस... नाही, एकोणपन्नास वर्षांचे होते. आठ दिवसांनी परत आले ते निम्मे होऊन. मी तेव्हा बीएड करून घरी होते. रात्री ते जेवले नाहीत. अंगणात बसले होते, मी पाणी घेऊन गेले आणि शेजारी टेकले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. पाऊस पडत होता म्हणाले. माळवदाची घरं, वर दोन-दोन हात माती, खाली गोल धोंड्यांच्या भिंती. पावसानं मातीचा चिखल झालेला. जवान काढत होते, हेही काढत होते. एका ठिकाणी म्हातारी होती आणि तिच्या कुशीत पोर होतं. 

"म्या हातांनी काढलं त्यांना," दादा म्हणाले. "पहार लागंल म्हणून पहार बाजूला ठिवली."

बराच वेळ गेला. एवढ्या वर्षांत जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. असं विचारायची ती वेळ नव्हती, पण दुसरी कुठली वेळ असणार होती? म्हटलं, "दादा, आपण दहा डिसेंबरला बाहेर झोपतो ते कशासाठी? आज्जीसाठी, का जमालपूरसाठी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांची बोटं नखातली माती काढत होती. किल्लारीची माती, आठ दिवसांनीही निघाली नव्हती.

"जमालपुरात मी हुतो," ते म्हणाले. "हितं नव्हतो."

मग उठून म्हशीला वैरण टाकायला गेले.

मी बराच काळ त्या दोन वाक्यांचा सरळ अर्थ धरला, की लढाईचं त्यांना काही वाटत नव्हतं, घराचं वाटत होतं. आता तसा धरत नाही. सडकेवर पडलेल्या त्या दोनशेंनाही कुणीतरी गावाकडं तार केली असणार, कुठल्याशा मास्तरानं ती वाचून दाखवली असणार. हे माझ्या मनात येतं तर तारेची वाट बघितलेल्या माणसाच्या मनात आलं नसेल, असं कसं म्हणू? शिराळ्याच्या काकांनी मागं एकदा ओघात सांगितलं होतं, की त्या सकाळी दादा सडकेवर फिरून पडलेल्यांच्या खिशातली पत्रं गोळा करून साहेबांकडं देत होते. काकांनी त्यांना विचारलं, तुला उर्दू वाचता येतं का? दादा म्हणाले, वाचायचं कशाला, पत्र हाय एवढं कळतंय की.

*

दादा २०१९ च्या नोव्हेंबरात गेले, पंचाहत्तर वर्षांचे होऊन. गेले त्याच्या सहा दिवस आधी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन आले होते. माजी सैनिक दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं लिहून देतो, मगच पेन्शन चालू राहते. दादांना ह्या कामाचा उत्साह असायचा. इस्त्रीचा शर्ट, काळी टोपी, बूट. साहेबासमोर उभे राहून सही करायचे. त्या वर्षी बँकेतल्या पोरीनं "आजोबा, आता मोबाइलवरनंही होतं" असं सांगितलं, तर म्हणाले, "मोबाइलला काय कळतंय मी हाय का न्हाई?"

तिरंगा आला, पेन्शनर मंडळी आली, पुष्पचक्र वाहिलं. शोकसभेत सगळे जमालपूरवर बोलले. हायस्कूलच्या नव्या हेडमास्तरांनी गोळी गुंडाळलेल्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली आणि थोडी वाढवूनही सांगितली. दादांना ती सुधारणा आवडली असती. शिराळ्याचे काका काठी टेकत आले होते. त्यांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले, माइक हातात धरला, "मग रात्र झाली..." एवढं म्हणाले आणि खाली बसले. सभेला वाटलं म्हातारा गोंधळला. आई माझ्या शेजारी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

तेरावं झालं, भाऊ पुण्याला गेला, मी आईपाशी राहिले. दहा डिसेंबरला संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते तर बाहेर काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. आई, एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी, वाकळ ओढत अंगणात नेत होती. मी दुसरं टोक धरलं. तीन अंथरुणं घातली. तिसरं कुणासाठी, असं मी विचारलं नाही. आईनं पायताणं लावली, टाचा आतल्या बाजूला.

नऊ वाजता भावाचा फोन आला. ह्या सगळ्या प्रकाराला तो कॉलेजात असल्यापासून हसत आलेला. नोकरी लागल्यावर तर एका डिसेंबरात दादांना म्हणाला होता, की आता आपलं घर आरसीसी आहे, हा खुळेपणा पुरे. फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी गादी बाहेर टाकलीय."

"कुठं बाहेर?"

"बाल्कनीत."

तो नवव्या मजल्यावर राहतो. भूकंप झालाच तर सगळ्यात आधी बाल्कनीच जायची, हे मी त्याला सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती वाकळेत बसून विडा कुटत होती. खलबत्ता थांबवून म्हणाली, "पुण्यात गार हाय म्हणत्यात. घोंगडं घेतलंय का इचार. आन चारचा गजर लावलाय का त्येबी."